हाडातल्या डीएनएवरून 'कोण कुठून आलं' हे ठरवतात तरी कसं?

उंबरठा:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतेय. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेला तो ओट्झी सगळ्यांना माहीत असेल, साधारण ५३०० वर्षांपूर्वीचा. २०१२ मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए वाचून, आला तेव्हा त्यात स्टेपकडच्या, म्हणजे काळ्या समुद्राच्या वरच्या गवताळ पट्ट्यातल्या लोकांचाही थोडा अंश दिसतोय असं होतं. मग २०२३ मध्ये त्याच माणसाचा जीनोम परत वाचला तर म्हणे स्टेपचा अंश अजिबात नाही, ९० टक्क्यांहून जास्त वंश अनातोलियाकडून (आजचं तुर्कस्तान) युरोपात आलेल्या शेतकऱ्यांचा, कातडी बरीच सावळी आणि वर टक्कल पडायचे जीन्स! आणि आपण इतकी वर्षं चित्रांत त्याला भरघोस केसांचा बघतोय.

माणूस तोच, मग उत्तर कसं काय बदललं? उद्या तिसऱ्यांदा वाचतील आणि तिसरंच सांगतील. मला बायॉलॉजी दहावीपर्यंतचीच येते त्यामुळे जरा सोपं करून सांगा, पण लहान मुलाला सांगितल्यासारखं नको.

निवांत_वाचक:
मस्त विषय. वाखुसा (वाचनखूण साठवली). जाणकार येईपर्यंत कोपऱ्यात बसतो.

गारगोटी:
मी चार वर्षं अशा एका लॅबमध्ये काम केलंय (आता त्यातून बाहेर आहे, सुखी आहे) त्यामुळे थोडं लिहितो, लांबेल.

ओट्झीचं उत्तर बदललं त्याचं कारण एका शब्दात कंटॅमिनेशन. हात लावणाऱ्याचा, शिंकणाऱ्याचा, फोटो काढायला वाकलेल्याचा, सगळ्यांचा ताजा डीएनए त्या हाडावर पडतो, आणि ताजा डीएनए लांबलचक आणि धडधाकट असतो, जुना बिचारा ३०-७० अक्षरांच्या (ए, सी, जी, टी ही डीएनएची अक्षरं) चुऱ्यात असतो, त्यामुळे मशीनमध्ये ताजा पुढे घुसतो. २०१२ च्या डेटात आजच्या माणसांचा डीएनए मिसळलेला होता आणि आजच्या युरोपियन माणसात स्टेपचा अंश असतोच, तोच ओट्झीच्या नावावर जमा झाला. बाकी सावळा रंग आणि टक्कल हे जीनोम जास्त नीट वाचला गेला म्हणून कळलं.

ह्या क्षेत्राचा इतिहासच मुळी अशा फजित्यांचा आहे. १९८५ मध्ये स्वांते पाबो ह्या संशोधकाने इजिप्तच्या ममीतून डीएनए काढला म्हणून केवढा गाजावाजा झाला, नंतर तो बहुतेक आजच्याच माणसाचा असणार असं निघालं. १९९४ मध्ये तर आठ कोटी वर्षांपूर्वीच्या हाडातून डायनासोरच्या काळातला डीएनए मिळाल्याचं छापून आलं, आणि तपासलं तर तो माणसाचा! पाबोचं मोठेपण माझ्या मते इथे आहे की स्वतःचं तोंड पोळल्यावर त्याने पुढची वीस-पंचवीस वर्षं हा घोळ कसा ओळखायचा आणि कसा टाळायचा ह्याच्यातच घातली. २०२२ चं नोबेल त्याला निअँडरथल आणि डेनिसोव्हन्स ह्या माणसाच्या दोन नामशेष भाऊबंद जमातींवरच्या कामासाठी मिळालं हे खरं, पण त्या सगळ्याखाली हे कंटाळवाणं काम आहे.

आता जुना डीएनए ओळखतात कसा ते सांगतो, कारण हे फार गोड आहे. माणूस मेल्यावर डीएनएची दुरुस्ती थांबते आणि तुकड्यांच्या टोकांना 'सी' ह्या अक्षराची झीज होते, त्यातला एक गट गळून पडतो आणि मशीनला तिथे 'टी' दिसतो. म्हणजे ज्या सँपलमध्ये तुकड्यांच्या टोकाशी सी च्या जागी टी भरपूर दिसतो ते खरंच जुनं, ज्यात दिसत नाही ते कोणीतरी काल हात लावलेलं. म्हातारपणाच्या सुरकुत्याच समजा. आणि पुरुषाचं हाड असेल तर दुसरी एक परीक्षा: पुरुषाकडे एक्स क्रोमोसोम एकच असतो, मग एक्सवर एकाच जागी दोन वेगवेगळी अक्षरं वारंवार यायला लागली की समजायचं आत दुसरं कोणीतरी आहे. किती टक्के दुसरं आहे हेसुद्धा ह्यावरून काढतात. त्यामुळे तिसऱ्यांदा वाचलं तरी ओट्झीमध्ये फार मोठी उलथापालथ होईल असं मला वाटत नाही.

लॅब म्हणजे काय तर आत हवेचा दाब जास्त, ब्लीचने पुसापुशी, रात्रभर यूव्ही दिवे, तुम्ही नखशिखांत झाकलेले, दोन-दोन हातमोजे, आणि प्रत्येक वेळी हाडाशिवाय रिकामं सँपलही सोबत चालवायचं, त्यात काही उगवलं तर अख्खी बॅच संशयित. माझी एकदा तीन महिन्यांची बॅच गेली होती. असो.

उंबरठा:
बाप रे. सुरकुत्यांचं एकदम डोक्यात बसलं. पण हाडात एवढा टिकतो कुठे हा डीएनए?

गारगोटी:
कुठलंही हाड नाही चालत. कवटीत कानाच्या आतल्या भागाभोवती एक हाड असतं, पेट्रस, शरीरातलं सगळ्यात घट्ट हाड. २०१४-१५ च्या सुमारास लक्षात आलं की ह्यात बाकीच्या हाडांपेक्षा शंभर पटीपर्यंत जास्त डीएनए मिळू शकतो, आणि तिथून ह्या क्षेत्राचा जो धबधबा सुरू झाला तो थांबलेला नाही. त्याआधी फार हाल होते. निअँडरथलचा २०१० चा जीनोम क्रोएशियातल्या विंडिया गुहेतल्या हाडांमधून काढला, त्यात मिळालेला ९५ टक्क्यांहून जास्त डीएनए नुसता जिवाणूंचा होता.

थंडी आणि कोरडेपणा असेल तर टिकतो, उष्ण आणि दमट असेल तर गेला. सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून दहा लाख वर्षांहून जुन्या मॅमथचा मिळालाय, ग्रीनलंडच्या गाळातून २० लाख वर्षांपूर्वीच्या झाडाप्राण्यांचा मिळालाय, आणि अख्ख्या आफ्रिकेतून प्राचीन माणसाचा पहिला पूर्ण जीनोम २०१५ मध्ये आला, इथिओपियाच्या मोटा गुहेतला, तोही फक्त ४५०० वर्षांचा. जिथे माणूस जन्मला तिथलीच पानं कोरी.

बोरूबहाद्दर:
जुना डीएनए ओळखला हे ठीक, पण त्यावरून 'कोण कोणाचा कोण' कसं काढतात हे राहिलं. माझा धंदा जुन्या हस्तलिखितांचा आहे, आणि मला हे वाचताना सारखं वाटतं की अरे हे तर आमचंच काम.

असं बघा, एका पोथीच्या नकला होत होत शंभर पोथ्या झाल्या. प्रत्येक लेखनिक काही ना काही चुका करतो आणि पुढचा त्या चुका इमानदारीत उतरवतो. आता माझ्यासमोर चार पोथ्या आहेत, पैकी दोघींत एकच विचित्र चूक आहे तर त्या दोघी एका घराण्यातल्या. बरोबर शब्द सगळ्यांत सारखे असतात त्याने काहीच कळत नाही, चुकांवरूनच घराणं कळतं. डीएनएमध्ये म्युटेशन म्हणजे ही चूक.

२०१० मध्ये निअँडरथलचं हेच केलं. चार पोथ्या घ्या: आफ्रिकेतला एक माणूस, फ्रान्समधला एक माणूस, निअँडरथल आणि चिंपांझी. चिंपांझीत मूळ पाठ आहे असं धरा आणि निअँडरथलमध्ये चूक आहे अशा जागा शोधा. मग मोजा, ती चूक फक्त फ्रेंच माणसाशी किती वेळा जुळते आणि फक्त आफ्रिकन माणसाशी किती वेळा. निअँडरथलशी कोणाचाच संबंध आला नसेल तर दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. आले नाहीत, फ्रेंच माणसाचा जास्त आला. चिनी आणि पापुआ न्यू गिनीच्या माणसाचाही जास्त आला. म्हणजे आफ्रिकेबाहेर पडल्यावर कुठेतरी ह्या पोथीत त्या पोथीतली पानं घुसलीत. सध्याचा अंदाज आफ्रिकेबाहेरच्या लोकांत १ ते २ टक्के.

मला तरी ह्याच्यापेक्षा सुंदर मोजमाप माहीत नाही. नुसतं जुळणं मोजलं असतं तर कोणीही काहीही म्हणालं असतं, इथे न जुळण्यातला तोल मोजलाय.

गारगोटी:
@बोरूबहाद्दर, मला चार वर्षांत हे एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. वापरणार आहे, नाव सांगून.

झुळूक७:
मी थुंकी पाठवून ती टेस्ट केली होती, त्यात २ टक्के निअँडरथल आलं. म्हणजे माझ्या खापरपणजोबांच्या आसपास कोणीतरी...? (घरच्यांना शंका होतीच 😄)

गारगोटी:
हा हा, नाही. टक्के सारखे दिसले तरी तुकड्यांची लांबी बघायची. दर पिढीला आईबापांकडून आलेल्या डीएनएची कापाकापी होऊन नवीन जुळणी होते, त्यामुळे बाहेरून आलेला तुकडा पिढ्यान्‌पिढ्या लहान होत जातो. आपल्यातले तुकडे अगदी बारीक आहेत. सैबेरियात उस्त-इशिमला सापडलेला ४५ हजार वर्षांपूर्वीचा माणूस बघितला तर त्याच्यात टक्का आपल्याएवढाच पण तुकडे कितीतरी लांब, म्हणजे त्याच्यासाठी ती घटना ताजी होती. आणि रोमानियातल्या ओआसे गुहेतला जबडा, साधारण ४० हजार वर्षांचा, त्याच्यात इतके लांब पट्टे मिळाले की त्याचा निअँडरथल पूर्वज जेमतेम ४ ते ६ पिढ्या मागचा. तुमचा जोक त्याला लागू पडतो, खापरपणजोबा खरोखरच! गंमत म्हणजे त्याच्या लोकांचा पुढच्या युरोपियनांत जवळपास मागमूस नाही. आले, राहिले, संपले.

अवांतर: सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेतलं एक हाड २०१८ मध्ये वाचलं, साधारण १३ वर्षांच्या मुलीचं, ९० हजार वर्षांपूर्वीचं. आई निअँडरथल, बाप डेनिसोव्हन. मिश्र घराण्यातली कोणी दूरची नात नव्हे, थेट पहिली पिढी. आणि डेनिसोव्हन ही जमात तोवर आपल्याला माहीत होती ती एका करंगळीच्या टोकावरून आणि दोन-चार दातांवरून. मला आजही ते आठवलं की हसू येतं, एवढ्या मोठ्या खंडात सापडून सापडून हाडाचा एक तुकडा सापडला आणि तो नेमका हिचा.

खापरतुकडा:
सगळे डीएनएच्या प्रेमात पडलेत म्हणून थोडं उलटं बोलतो. मी उत्खननवाला आहे. आम्ही शंभर वर्षं भांडलो की भांडी फिरली म्हणजे माणसं फिरली का. एका काळात लोक सरसकट 'हो' म्हणायचे, नकाशावर बाण काढायचे, अमुक मडकं म्हणजे अमुक वंश. त्याचा युरोपात विसाव्या शतकात काय वापर झाला हे सांगायला नको. मग आम्ही शहाणे झालो आणि म्हणायला लागलो की कल्पना फिरतात, माणसं जागेवरच राहतात. आणि आता हे जेनेटिक्सवाले आले आणि परत तेच बाण!

पण खरं सांगायचं तर २०१८ च्या बेल बीकरवाल्या पेपरने माझी पंचाईत केली. बेल बीकर म्हणजे उलट्या घंटेच्या आकाराची भांडी, साडेचार हजार वर्षांपूर्वी आयबेरियापासून (स्पेन-पोर्तुगाल) ब्रिटनपर्यंत सगळीकडे. ४०० जुन्या युरोपियनांचे जीनोम बघितले, निघालं काय तर आयबेरिया आणि मध्य युरोप इथे भांडी तीच, पण माणसं वेगवेगळ्या वंशाची, म्हणजे तिथे फॅशन पसरली. आणि ब्रिटनमध्ये? तीच भांडी आली आणि काही शतकांत तिथला जवळपास ९० टक्के वंश बदलला. स्टोनहेंजचे ते अवाढव्य दगड ज्यांनी उभे केले त्यांचा वाटा नंतरच्या लोकांत जेमतेम दहावा उरला. म्हणजे एकाच भांड्याबाबत दोन्ही बाजू बरोबर निघाल्या, आणि इतकी वर्षं आम्ही उगाच एकमेकांचे पेपर पाडले.

तरीपण माझा आक्षेप कायम आहे. ९० टक्के बदलला म्हणजे काय झालं? कत्तल? रोगराई? की नुसतं ह्यांची पोरं जगली, त्यांची कमी जगली, असं वीस पिढ्या चाललं? तुमचा जीनोम आकडा देतो आणि वर्तमानपत्रात 'आक्रमण' छापून येतं. २०१५ मध्ये त्याच काळाच्या आसपासच्या युरेशियातल्या दातांमध्ये प्लेगचे जंतू सापडले तेव्हा सगळे प्लेग प्लेग करत सुटले. आकडा तोच, कहाणी दर दोन वर्षांनी नवी.

गारगोटी:
ह्याच्याशी मी सहमत आहे आणि लॅबमधलेही बरेच जण आहेत. वंशाची टक्केवारी म्हणजे कोणाची मुलंबाळं टिकली ह्याचा हिशोब, ती कशी टिकली हे त्या हिशोबात लिहिलेलं नसतं. फक्त एक भर घालतो, बाप आणि आई वेगवेगळे बघता येतात. वाय क्रोमोसोम फक्त बापाकडून, मायटोकॉन्ड्रियातला डीएनए फक्त आईकडून. आयबेरियात इ.स.पू. २००० पर्यंत एकूण वंश साधारण ४० टक्के बदलला पण वाय क्रोमोसोम जवळजवळ सगळे बदलले. म्हणजे तिथल्या बायकांची मुलं झाली, तिथल्या पुरुषांची जवळपास झालीच नाहीत. हे ऐकून कोणाला जे वाटायचं ते वाटो, पण 'काय झालं' ह्याच्या शक्यता तरी कमी होतात.

रोखठोक_८१:
एवढं फिरवून फिरवून कशाला बोलताय. सरळ सांगा, हरियाणातल्या राखीगढीत सिंधू संस्कृतीच्या सांगाड्यात स्टेप सापडलं नाही म्हणजे आर्य स्टेपकडून, बाहेरून आले ही थापच होती ना? विषय संपला.

उंबरठा:
मला वाटलंच होतं हा प्रश्न येणार. चालेल, पण हाडावर बोलू, एकमेकांवर नको. नाहीतर धागा बंद करायची विनंती मीच करेन.

गारगोटी:
@रोखठोक_८१, विषय तिथे सुरू होतो.

राखीगढीचा पेपर सप्टेंबर २०१९ चा. साठाहून जास्त सँपल्स तपासली त्यातून एका, फक्त एका बाईचा कामापुरता डीएनए मिळाला, उष्णतेचं वर बोललोच. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे सिंधू संस्कृती भरात असतानाची. तिच्यात दोन धागे: एक इराणकडच्या प्राचीन लोकांशी नातं असलेला, दुसरा अंदमानच्या आदिवासींशी दूरचं नातं असलेल्या दक्षिण आशियाई शिकारी लोकांचा. स्टेपचा अंश नाही. शिवाय तो इराणशी नातं असलेला धागा शेती सुरू व्हायच्या आधीच वेगळा झालेला, त्यामुळे इराणच्या शेतकऱ्यांनी येऊन इथे शेती शिकवली हे जुनं गणितही अडचणीत आलं.

पण त्याच आठवड्यात दुसरा पेपर आला, मध्य आणि दक्षिण आशियाचे ५२३ जुने जीनोम, आणि दोन्हीकडच्या लेखकांमधली बरीच नावं तीच आहेत हे बातम्या देणाऱ्यांनी सोयीस्कर सोडून दिलं. त्यात तुर्कमेनिस्तानातलं गोनुर आणि इराणमधलं शहर-ए-सोख्ता इथे ११ माणसं अशी मिळाली जी आजूबाजूच्यांशी जुळत नाहीत पण राखीगढीच्या बाईशी जुळतात, बहुधा सिंधूकडून तिकडे गेलेली. म्हणजे ती बाई एकटी नाही. आणि त्याच पेपरात पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातले इ.स.पू. १२०० च्या आसपासपासूनचे सांगाडे आहेत, त्यांच्यात स्टेपचा अंश आहे. स्टेपचा अंश दक्षिण आशियात पोचला तो इ.स.पू. २००० ते १५०० ह्या काळात असा त्यांचा हिशोब.

आता सांगा, इ.स.पू. २५०० च्या आसपासच्या बाईत नाही आणि नंतरच्या लोकांत आहे, ह्यावरून 'कोणी आलंच नाही' कसं निघतं? उलट ज्यांना घोड्यावरून तलवारी परजत आलेली फौज हवी आहे त्यांनाही हे पेपर ती देत नाहीत. स्वातमध्ये एकूण वंशात स्टेप २० टक्क्यांच्या आसपास, पण पुरुषांच्या ४४ वाय क्रोमोसोमपैकी ५ टक्केच स्टेपवाले, म्हणजे तिथे तो अंश जास्त करून बायकांमार्फत आला. आजच्या लोकांत मात्र उलट, पुरुषांकडून जास्त. दोन्ही बाजूंच्या टीव्हीवाल्यांना ह्यातलं काहीच नको असतं.

रोखठोक_८१:
पण एका बाईवरून अख्ख्या संस्कृतीचं ठरवायचं हे पटत नाही.

खापरतुकडा:
तुम्ही दोन प्रतिसाद आधी तेच करत होतात 🙂

बोरूबहाद्दर:
बाजू म्हणून सांगतो, एक पोथी मिळाली तरी तिच्यात हजारो पानं असतात. एका माणसाच्या जीनोममध्ये त्याचे हजारो पूर्वज थोडेथोडे असतात, त्यामुळे एक माणूस म्हणजे एकच साक्ष असं नाही. ती बाई नुकतीच दुसऱ्या गावाहून आलेली असू शकते, ह्यापुरती शंका रास्त.

शब्दवेल्हाळ:
मी भाषावाली. माझं एवढंच म्हणणं की आर्य हा शब्द जीनोमवर चिकटवू नका. भाषेला वाय क्रोमोसोम नसतो. इटलीतल्या एट्रुस्कन लोकांचे जीनोम २०२१ मध्ये आले, शेजारच्या लॅटिन लोकांसारखाच भरपूर स्टेप अंश, पण भाषा इंडो-युरोपियन (संस्कृत, लॅटिन ज्यात येतात ते कुळ) नाही ती नाहीच. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांचंही तेच. आणि सगळ्यात भारी वानुआतू! पॅसिफिकमधल्या त्या बेटांवर साधारण ३००० वर्षांपूर्वी पहिले पोचले ते लापिता लोक, त्यांचे सांगाडे २०१६ मध्ये वाचले तर त्यांच्यात पापुआचा अंश जवळपास शून्य, सगळा वंश तैवान-फिलिपिन्सकडचा. आज त्याच बेटांवरच्या लोकांत बहुतांश वंश पापुआकडचा आहे, आणि बोलतात मात्र त्या पहिल्या आलेल्यांच्या ऑस्ट्रोनेशियन भाषा. माणसं जवळपास बदलली, भाषा राहिली. नुसत्या आजच्या लोकांचा डीएनए घेऊन बसला असता तर हे कधीच कळलं नसतं.

म्हणजे जीनोमला भाषेबद्दल काही कळत नाही असं नाही, लोक कधी, कुठून, किती आले हे कळलं तर भाषा कुठल्या वाटेने आली असेल ह्यावर मर्यादा पडतात. पण मर्यादा पडणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं, आणि आमच्याकडे दोन्ही बाजू हे मुद्दाम विसरतात.

झुळूक७:
थुंकीवरून इथवर आलो, धन्य. एक शंका, ह्या मेलेल्यांना कोणी विचारतं का? म्हणजे त्यांच्या वंशजांना?

खापरतुकडा:
आता विचारतात, आधी नाही. अमेरिकेत १९९६ मध्ये कोलंबिया नदीकाठी केनेविक मॅन सापडला, साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा. तिथल्या मूळ जमाती म्हणत होत्या आमचा पूर्वज आहे, पुरायला द्या. काही शास्त्रज्ञ म्हणाले कवटी ह्यांच्यासारखी दिसत नाही, कोर्टात गेले, जिंकलेही. २०१५ मध्ये डीएनए आला, तो मूळ अमेरिकनच निघाला. २०१७ मध्ये त्याला पुरलं. कवटीच्या मापांवर भरवसा ठेवणाऱ्या आमच्या लोकांसाठी हे फार चांगलं झालं नाही, पण व्हायला हवं होतं.

उंबरठा:
सगळ्यांचे आभार, मी दोनदा वाचलं सगळं. प्रागैतिहासिक नाही पण जाता जाता शेवटचं एक विचारते, उत्तराखंडातल्या रूपकुंडच्या हाडांचं खरं काय? लहानपणापासून ऐकतेय राजाची यात्रा, गारपीट, वगैरे.

गारगोटी:
अरे वा, ते तर माझं लाडकं. पाच हजार मीटर उंचीवरचं तळं, शेकडो माणसांची हाडं. २०१९ मध्ये ३८ जणांचा डीएनए वाचला. २३ जण दक्षिण आशियातले, इ.स. ८०० च्या आसपासचे, आणि तेही एका फटक्यात मेलेले नाहीत. एक आग्नेय आशियातला. आणि उरलेले १४ पूर्व भूमध्य समुद्राकडचे, आजच्या लोकांत क्रीट बेटावरच्यांशी जास्त जवळचे, आणि ते मेले इ.स. १८०० च्या सुमारास! हजार वर्षांचं अंतर. पहिली शंका येते ती सँपल्सची अदलाबदल झाली अशीच. पण हाडातल्या कार्बनवरून त्यांचं खाणंही वेगळं निघालं, भारतीय गटात काहींच्या खाण्यात भरड धान्य भरपूर, ह्यांच्यात जवळपास नाही.

उंबरठा:
१८०० साली क्रीटकडची चौदा माणसं हिमालयात काय करत होती??

गारगोटी:
चौदा तर फक्त तपासलेली. पुरुष आहेत, बायका आहेत, एकमेकांचे जवळचे नातेवाईक कोणी नाहीत, रोगाचे जंतू शोधले तर सापडले नाहीत. ह्यापुढे हाडं काही सांगत नाहीत. आता कुठल्यातरी दप्तरात कोणीतरी त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहून ठेवल्या असतील तर त्या शोधाव्या लागतील. @बोरूबहाद्दर, हे काम तुमचं.

बोरूबहाद्दर:
शोधतो.